चार दरवाजे, पाच खिडक्या

आमच्या चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आहेत आणि पाच खिडक्या. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे दरवाजे. गोंड राजांनी उभारलेल्या या तटाच्या आत जुने गाव वसले, आणि पुढे गाव तटाबाहेर कितीही पसरले तरी दरवाज्यांचा दरारा काही कमी झाला नाही. दरवाजे सर्वांना ठाऊक असतात. खिडक्या मात्र पुष्कळांना ठाऊक नसतात. येथे खिडकी म्हणजे घराची गजांची खिडकी नव्हे. तटातून माणसाला जाता यावे एवढे लहान दार. हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, बगड खिडकी, चोर खिडकी आणि मसण खिडकी अशी त्यांची नावे. लहानपणी मसण खिडकीचे नाव काढले की माझ्या अंगावर काटा येई. मोठेपणी ते नाव ठेवणाऱ्यांचे मला कौतुक वाटू लागले. मोठ्या दरवाज्याची उघडण्या-मिटण्याची वेळ ठरलेली असते, मरणाची नसते. ज्याने तट बांधला त्याला हे कळत असावे की, नुसते दरवाजे करून भागत नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण मात्र अगदीच निराळे आहे. ते म्हणजे मी जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा माझा एक फसलेला प्रयत्न.

मी निवृत्त शिक्षक. आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी सदेह जाऊन सही करावी लागे. साहेब चष्म्यावरून एकदा आपल्याकडे पाहत आणि आपण जिवंत ठरत असू. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' ही सोय सुरू केली आणि मग घरबसल्या संगणकावर जिवंत ठरण्याचा मार्ग मोकळा झाला. गेल्या दिवाळीत, फराळाचे ताट बाजूला ठेवून, मी याच खटपटीला बसलो. नाव घातले, परवलीचा शब्द घातला. पडद्यावर अक्षरे उमटली, आपला पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा घातला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी इतका गोंधळलो की, चाळीस वर्षे मुलांची हजेरी तोंडपाठ म्हणणारा मी, आता आपली स्मरणशक्ती गेली असे मनाशी म्हणू लागलो. चौथ्या खेपेला दारच बंद झाले.

आमचा भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतो. तो दिवाळीला आला होता. त्याने माझी वही पाहिली, थोडी खुडबुड केली आणि म्हणाला, "मामाजी, तुमचा पासवर्ड बरोबरच होता. पलीकडून उत्तरच आले नव्हते. उत्तर न आल्याचा अर्थ या लोकांनी 'चूक' असा लावला आहे."

"असे कसे लावतात?"

"तपासले नसेल कोणी," तो म्हणाला. "हे तपासणे हेच माझे काम आहे."

मग त्याने आपले काम मला समजावून सांगितले. ते मला जसे कळले तसे सांगतो. एखाद्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात किंवा कचेरीत वायफायच्या जाळ्यात शिरायचे असले की आपले नाव आणि परवलीचा शब्द विचारतात. विचारणारा असतो दारावरचा शिपाई. पण शिपायाजवळ नावांची वही नसते. वही आत, दूर कोठेतरी बसलेल्या कारकुनाजवळ असते. शिपाई चिठ्ठी पाठवतो, कारकून वही पाहून उत्तर पाठवतो आणि मग दार उघडते किंवा उघडत नाही. या चिठ्ठ्यांच्या ज्या रीती आहेत त्यांतली एक जुनी रीत म्हणजे 'रेडियस'. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडले जाण्याच्या काळात, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, ती अमेरिकेत निघाली आणि २००० साली तिचे नियम सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाले. भाचा आणि त्याचे सोबती या शिपायाची विद्या एकदाच नीट लिहून ठेवतात, म्हणजे ज्याला कोणाला दार बांधायचे असेल त्याने ती तयार घ्यावी. या तयार विद्येला ते लायब्ररी म्हणतात. "पण लायब्ररी म्हणजे तुमचे ग्रंथालय नव्हे, मामाजी," तो हसून म्हणाला. "सुताराची हत्यारांची पेटी समजा."

या शिपायाला कारकुनाकडून तीन प्रकारची उत्तरे येऊ शकतात. एक, होय, येऊ द्या. दोन, नाही, येऊ देऊ नका. तीन, अजून पुरते कळले नाही, आणखी एक प्रश्न विचारा. गंमत अशी की, खरी मेख चौथ्यात आहे आणि ते चौथे हे उत्तरच नव्हे. ते मौन होय. या रीतीतली चिठ्ठी साध्या पोस्टकार्डासारखी जाते. ती पोचल्याची पोच येत नाही. वाटेत हरवली तर हरवली. मग शिपायाने काय करायचे? थोडा वेळ थांबायचे, पुन्हा पाठवायची, दुसरा कारकून असेल तर त्याला विचारायचे आणि तरीही उत्तर आले नाही तर दारातल्या माणसाला प्रामाणिकपणे सांगायचे की, 'मला उत्तर मिळालेले नाही.' 'तू खोटा आहेस' असे सांगायचे नाही.

"खऱ्या माणसाला दार उघडते का, ही चाचणी दहा मिनिटांत होते," भाचा म्हणाला. "खोट्याला उघडत नाही ना, ही अर्ध्या दिवसात. पण उत्तर उशिरा आले, अर्धे आले, दोनदा आले, भलत्यानेच दिले, किंवा आलेच नाही तर काय, या चाचण्यांना आठवडे लागतात. आणि काम संपवायची घाई झाली की याच राहून जातात."

भलत्यानेच दिले तर, या शब्दांवर मी अडलो. तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. शिपाई आणि कारकून यांच्यात एक गुपित ठरलेले असते. उत्तरावर त्या गुपिताच्या आधाराने शिक्का मारलेला असतो आणि तो शिक्का शिपायाने तपासायचा असतो. नाहीतर वाटेत कोणीही उभा राहून 'होय' म्हणेल. हा शिक्का करण्याची जुनी पद्धत कच्ची आहे हे जाणकारांना २००४ पासून ठाऊक होते. तरी चालले आहे म्हणून चालू राहिले. अखेर २०२४ च्या जुलैत संशोधकांनी दाखवून दिले की, वाटेत बसलेल्याला कारकुनाच्या 'नाही'चे 'होय' करता येते. तेव्हापासून जास्त पक्क्या शिक्क्यावाचून आलेले उत्तर शिपाई मोडीत काढतो की नाही, हेही तपासावे लागते. म्हणजे ज्याची ओळख विचारायची तो तर तपासलाच पाहिजे. पण जो ओळख विचारतो आणि जो ओळख पटल्याचे सांगतो, तेही तपासले पाहिजेत.

मला एकदम सुंदरकांड आठवले. अशोकवनात मारुती आला तेव्हा सीतेने त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. वेष पालटून रावणच आला असेल, अशी तिला शंका आली. तिने रामाच्या खुणा विचारल्या, त्याने सांगितल्या, मग अंगठी दिली. परत जाताना तिने चूडामणी तर दिलाच, शिवाय तिला आणि रामालाच ठाऊक असलेली कावळ्याची एक जुनी घटना सांगितली, की पलीकडेही शंका राहू नये. दोन्ही बाजूंनी ओळख पटली आणि त्यात कोणाचा अपमान झाला नाही. उलट शकुंतलेचे पाहा. तिच्या बोटातली अंगठी पाण्यात पडली आणि कालिदासाच्या दुष्यंताने, समोर ती स्वतः उभी असताना, तिला ओळखले नाही. खूण हरवली म्हणून माणूस हरवला. बिचाऱ्या दुष्यंताला निदान शापाची सबब होती. आपल्याला ती नाही.

त्याच सुट्टीत मला गडचिरोलीकडे जायचे होते. धानोरा तालुक्यात एका खेड्यात माझा जुना विद्यार्थी शेती करतो. त्याचे धान कापणीला आले होते. भाचा बरोबर आला. पोचलो तेव्हा विद्यार्थी शेतावर गेलेला होता, म्हणून आम्ही वाटेवरच्या रेशन दुकानाच्या ओट्यावर टेकलो. सात-आठ माणसे आधीच बसली होती. दुकानदार हातातले ई-पॉस यंत्र कधी उंबऱ्यावर, कधी कडुनिंबाखाली, कधी ओट्याच्या अगदी टोकाला नेऊन उंच धरीत होता. रेंज शोधणे चालले होते. एक म्हातारी उठली. चार-पाच कोसांवरच्या टोल्यावरून ती आली होती. तिने पदराला बोट पुसून यंत्रावर ठेवले. यंत्रावरचे चक्र फिरत राहिले आणि मग विझले. दुसरे बोट. पुन्हा तेच.

"आत्या, नाही जुळत अंगठा," दुकानदार म्हणाला. ती त्याच्या वडिलांची चुलत बहीण होती, हे मला मागाहून कळले.

म्हातारी खाली बसली आणि आमच्याकडे पाहून, तक्रारीच्या नव्हे तर एखादी बातमी सांगावी तशा सुरात म्हणाली, "मशीन म्हनते का मी मी नोहो."

भाच्याने यंत्राकडे वाकून पाहिले. मग हळूच मला म्हणाला, "मामाजी, अंगठा जुळत नाही असे ते म्हणतच नाही. त्याला पलीकडून उत्तर मिळालेले नाही." त्याने दुकानदाराला तसे सांगितले. दुकानदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "साहेब, दोन्हींत मला काय फरक? चिठ्ठी निघत नाही म्हणजे धान्य निघत नाही." वहीत नोंद करून धान्य देता येत नाही का, असे मी विचारले. "येते. पण वहीवर दिलेले दाणे महिन्याअखेर मोजतात, आणि प्रत्येक नोंदीला कारण विचारतात. दोन नोंदी चालतात, दहा झाल्या की चौकशी लागते."

म्हातारी तासभर बसली, मग रिकामी पिशवी घडी करून काखेत धरून निघाली. उद्या येईन म्हणाली. उद्याचा तिचा दिवस धानकापणीच्या मजुरीचा होता. परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ गप्प होता. धानोऱ्याच्या जवळपास आल्यावर म्हणाला, "ही चाचणी माझ्या यादीत आहे, मामाजी. पण अगदी शेवटी आहे."

येथे कोणी म्हणेल की, हे सारे यंत्राविरुद्धचे नेहमीचे रडगाणे आहे; पडताळा हवाच. मीही म्हणतो, हवाच. ज्या जिल्ह्यांत मी आयुष्य काढले ते सागाचे जिल्हे आहेत. आलापल्ली-बल्लारपूरच्या साग-लाकडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण उमटल्याशिवाय आणि वाहतुकीचा पास बरोबर असल्याशिवाय ओंडका नाका ओलांडीत नाही. १९२७ च्या वन कायद्याने खोटी खूण उमटवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगितली आहे. ही खूण नसती तर सारे जंगल केव्हाच गाडीत बसून निघून गेले असते. रेशनचेही तेच. यंत्र येण्यापूर्वी कितीतरी गावांत म्हातारीच्या नावावर धान्य उचलले जाई आणि तिला 'माल आलाच नाही' असे सांगत. आज तिच्या बोटावाचून तिचा हिस्सा उचलता येत नाही, हे काही थोडे नव्हे. यंत्र मागते ते तिचे बोट, दुसऱ्या कोणाचे नाही. यात तिचा मानही आहे. पूर्वी अंगठा ही अडाण्याची खूण होती. आता साहेबालाही तोच उठवावा लागतो.

तेव्हा प्रश्न पडताळा असावा की नसावा, हा नाही. प्रश्न पडताळ्याच्या चुकीचा आहे. प्रत्येक दाराच्या हातून दोन चुका होऊ शकतात. नको तो आत येतो, ही एक. हवा तो बाहेर राहतो, ही दुसरी. एक टाळायला गेले की दुसरी वाढते. कुलूप जितके कडक तितका घरधन्यालाही त्रास अधिक. हे दार बांधणाऱ्यांना ठाऊक असते. पण या दोन चुकांचे नुकसान एकाच माणसाच्या अंगावर पडत नाही, हे मात्र सहसा बोलले जात नाही. नको तो आत आला तर नुकसान घराच्या मालकाचे. तो ओरडतो, चौकशी लावतो, नवे कुलूप आणतो. हवा तो बाहेर राहिला तर नुकसान त्या बाहेरच्याचे. आणि तो बाहेरच असल्यामुळे त्याचा आवाज आत पोचत नाही. म्हणून पहिली चूक दर वर्षी कमी होत जाते आणि दुसरी जागच्या जागी राहते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आधार प्राधिकरणाने जे आकडे ठेवले, त्यांत बोटांच्या ठशांनी ओळख न पटण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर ९४ गुण म्हणजे विशेष प्रावीण्य. परंतु हे गुण यंत्राचे आहेत. उरलेले सहा हे गुण नव्हेत, ती माणसे आहेत.

आणि ती सहा माणसे कोणती, हेही काही चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. भाच्याने आपले यंत्र तपासले ते स्वतःच्या बोटांनी, पुण्यात, भरधाव जाळ्यावर. त्याची बोटे टंकफलकावर वाढलेली. ज्या बोटांनी मे महिन्याच्या उन्हात तेंदूची पाने खुडून सत्तर-सत्तरांचे पुडे बांधले, बांबू सोलला, चिखलात रोवणे केले, मोहफुले वेचली, त्यांच्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हणजे जितके कष्ट अधिक तितकी खूण पुसट. आणि गाव जितके आत तितके उत्तर येण्याची शक्यता कमी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. तेथे मौन हा अपवाद नाही, तो ऋतू आहे. मग त्या मौनाचा अर्थ 'नाही' असा लावणे म्हणजे पुराचा गुन्हा गावाच्या माथी मारणे होय.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. लेख पुरा झाला असे वाटत होते. यंत्राचा न्याय झाला, भाच्याचा झाला, सरकारचाही थोडा झाला. पण रात्री झोप येईना. कारण ज्याचा न्याय व्हायला हवा होता तो लेखात आलाच नव्हता.

१९७९ च्या मार्चातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा निराळा जिल्हा झालेला नव्हता. तो १९८२ साली झाला. मी नवा मास्तर होतो आणि मॅट्रिकच्या परीक्षेला एका केंद्रावर पर्यवेक्षक होतो. पहिल्याच दिवशी एक मुलगा प्रवेशपत्र न घेता आला. तीन कोसांवरून चालत आला होता, पत्र घरी आढ्याला खोचून ठेवले होते आणि निघताना विसरला होता. मी त्याला ओळखत होतो. तो माझ्याच वर्गात दोन वर्षे तिसऱ्या बाकावर बसत होता. त्याचे अक्षर मी ओळखत होतो, त्याच्या वडिलांना ओळखत होतो, त्याच्या घरचा आंबील मी प्यालो होतो. केंद्रचालकांना मी एक शब्द सांगितला असता, लिहून दिले असते, तर मार्ग निघाला असता. पण मी नवा होतो, वरून तपासणीला साहेब यायचे होते, आणि नियम माझ्या बाजूने होता. मी म्हणालो, "प्रवेशपत्र घेऊन ये." तो पळत गेला. परत आला तेव्हा पेपर संपत आला होता. पुढचे पेपर त्याने दिले. पहिल्याचे काय व्हायचे ते झाले. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही, त्यानंतरही आला नाही.

तेथे यंत्र नव्हते. जाळे तुटलेले नव्हते. अंगठा झिजलेला नव्हता. दारावर एक ओळखीचा माणूस उभा होता आणि ओळखत असून त्याने ओळख मागितली. धानोऱ्याच्या वाटेवर मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात बोल लावीत होतो. तो तर आपल्या आत्याला निदान 'आत्या' म्हणत होता.

मराठीत आपण 'ओळख पटणे' म्हणतो. शब्द मोठा शहाणा आहे. पटणे ही क्रिया माझ्या मनात घडायची असते. मला ओळख पटते किंवा पटत नाही. म्हणजे पटवून घेण्याची काही जबाबदारी माझीही आहे. मी डोळे उघडले पाहिजेत, दोन प्रश्न विचारले पाहिजेत, थोडे थांबले पाहिजे. पण कचेरीच्या भाषेत याचे 'ओळख पटवणे' होते. एका 'व'ने सारे ओझे पलीकडच्या खांद्यावर जाते. तू पटव, मी नुसता बसतो. तुला पटवता आले नाही तर दोष तुझा. माझे मौनही तुझाच दोष. यंत्राला दोष देण्याचे काही कारण नाही. ते हा 'व' आपल्याकडूनच शिकले आहे.

मग करायचे काय? दारे पाडायची नाहीत, हे तर ठरलेच. मला वाटते, तटाला खिडक्या हव्यात. आणि आनंदाची गोष्ट अशी की, त्या कशा असाव्यात याचे नमुने आमच्याच रानात आहेत. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम आले. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्याजवळ कागद कोठून असणार? म्हणून नियमांनी पुराव्यांच्या यादीत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांची जबानीही घेतली. ती लिहून घ्यायची, एवढीच अट. विहीर, घराची जोती, मसणवट, देवाचे ठाणे हीही साक्षीला चालतात. पुढे २०१२ साली असेही घातले गेले की, अमुकच एका प्रकारचा कागद हवा असा हट्ट समित्यांनी धरू नये. याचा अर्थ कोणीही उठावे आणि रान मागावे असा नाही. पडताळा आहेच, फक्त तो मान वर करून माणसांकडे पाहतो.

धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण त्याहून पुढचे आहे. २००९ साली त्या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला; पण तो बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा पास हवा, आणि पास द्यायला खाते तयार नव्हते. हक्क होता, खूण नव्हती. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत पासांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून 'हा बांबू आमचा' असे गाव स्वतः लिहून देऊ लागले. ज्याला आजवर दर नाक्यावर ओळख पटवावी लागत होती, त्याच्यावर ओळख देण्याची जबाबदारी आली. जबाबदारी आल्यावर माणूस जपून शिक्का मारतो. तो शिक्का त्याचा असतो.

रेशनच्या दाराला खिडकी नाही, असेही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानेच परिपत्रक काढून सांगितले की, ठसा जुळला नाही किंवा जाळे मिळाले नाही, एवढ्यावरून कोणाला धान्य नाकारू नये. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून, नोंद करून द्यावे. खिडकी कागदावर आहे. पण खिडकी उघडणाऱ्याची चौकशी आणि न उघडणाऱ्याची नाही, अशी स्थिती असली तर खिडकी भिंतच होऊन बसते. मला वाटते, दहा नोंदी का केल्यास, असे दुकानदाराला विचारणाऱ्याने त्याच वेळी हेही विचारावे की, रिकाम्या हाती किती जण परत गेले? दोन्ही चुकांचा हिशेब एकाच वहीत असावा. आज परत गेलेल्यांची वहीच नसते.

दारे बांधणाऱ्या माझ्या भाच्यासारख्या मुलांना मी म्हातारा मास्तर काय सांगणार? तरी एवढे सांगेन. 'नाही' आणि 'कळले नाही' हे दोन निराळे शब्द आहेत. ते यंत्राला शिकवा, आणि पडद्यावर ते निरनिराळे दिसतील असे करा. आपल्या बोटांनी तपासून झाले की एखाद्या मजुराच्या बोटांनी तपासा. मग पूर येऊ द्या आणि पुन्हा तपासा. सर्वांत शेवटची चाचणी सर्वांत आधी घ्या. आणि कोठेतरी एक लहान दार ठेवा. तेथे एक माणूस असू द्या, ज्याला 'मी हिला ओळखतो' असे म्हणता येईल, जो त्याखाली सही करील, आणि जो त्या सहीला जबाबदार राहील.

भाद्रपदात भाच्याचा फोन आला होता. कामाची घाई सांगत होता. मी काही विचारले नाही. त्यानेच सांगितले की, नव्या खेपेत उत्तर न मिळाल्याची चाचणी यादीत वर घेतली आहे. "सोबती विचारतात, एवढी वर का?" मी विचारले, "मग तू काय सांगतोस?" तो म्हणाला, "काही नाही. म्हातारीचे वाक्य सांगतो."

हयातीचा दाखला मी या वर्षी प्रत्यक्ष जाऊनच देणार आहे. कचेरीचा रस्ता जटपुरा दरवाज्यातून जातो. त्याच्या कमानीखालून जाताना मी आजही मान वर करून पाहतो. केवढी मजबूत बांधणी! आणि पाहता पाहता तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा डोळ्यांपुढे येतो, धापा टाकीत, हातात घडी घातलेला कागद. आता तो साठीच्या पुढे गेला असेल. समोर आला तर मी त्याला ओळखीन. तो मला ओळखील की नाही, आणि ओळखून काय म्हणेल, हे मात्र मला सांगता येत नाही.